साडूचे प्लग आणि कसाऱ्याचा घाट

आधी खरं सांगतो. इगतपुरी बघायची म्हणून मी निघालोच नव्हतो. साडूच्या आधी कसाऱ्याचा घाट चढायचा आणि ते बायकोनं बघायचं, एवढीच हौस होती.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशीचं असेल. आम्ही मुलुंडला, साडू वसंता अंधेरीला. दोघांकडे एकाच बनावटीच्या जुन्या विलायती गाड्या. त्याची पहिल्या फटक्यात सुरू व्हायची. माझी रोज सकाळी खोकायची, आणि इंजिनातले स्पार्क प्लग काढले की काजळीनं काळेकुट्ट. "भावोजींची गाडी बघा कशी चालते," असं बायको, सरिता, म्हणाली की माझ्या पोटात दुखायचं.

निघण्याच्या आदल्या रविवारी वसंताकडे जेवायला होतो. वसंता कोपऱ्यावर श्रीखंड आणायला गेला, तेवढ्यात मी खाली जाऊन त्याच्या गाडीचा एक प्लग काढला, त्यावरचा नंबर तळहातावर लिहून घेतला आणि प्लग परत बसवला. विचारलं असतं तर त्यानं आनंदानं सांगितलं असतं. पण विचारणार कोण? सोमवारी तेच चार प्लग आणून बसवले आणि आठवडाभर गाडी झकास पळाली.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला दोन्ही गाड्या मुलुंड चेकनाक्यावरून सुटल्या. पेट्रोल तेव्हा सात-आठ रुपये लिटर; टाकी घराजवळच्या पंपावरच भरून घेतलेली. भिवंडीपर्यंत ट्रकच ट्रक, पुढे रस्ता मोकळा. शहापूरला मिसळ खाल्ली. तिखट होती, पण जाणार असाल तर चुकवू नका.

घाट लागला आणि मी वसंताला मागे टाकलं. सरिताकडे ऐटीत पाहिलंही. दोन वळणांनंतर इंजिन खडखडायला लागलं, दम गेला. बाजूला घेऊन चावी काढली, तरी ते धडधडतच राहिलं.

वसंता मागून येऊन थांबला. इंजिन निवल्यावर त्यानं एक प्लग काढला. टोक खडूसारखं पांढरं, कड वितळलेली. त्यानं नंबर वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"हा गरम प्लग आहे रे. अंधेरीत रांगत चालवायची तर काजळी जाळायला हाच बरा. घाटात इंजिन तापतं, हा लाल होतो आणि चावी काढली तरी पेट्रोल पेटवत राहतो. तिथे उष्णता बाहेर टाकणारा थंड प्लग लागतो. मी कालच बदलले माझे."

सरिता खाली उतरली. "काय झालं, भावोजी?"

"काही नाही गं. दुकानदारानं चुकीचे प्लग दिले याला."

डिकीतले जास्तीचे थंड प्लग त्यानं स्वतः बसवून दिले. इगतपुरीला गरम भजी खाल्ली, थंडगार हवा खाल्ली.

घरी परतताना सरिता म्हणाली, "उद्या त्या दुकानदाराला चांगलं झापा हं." मी हो म्हणालो.

जुनी गाडी असेल तर प्लग आपल्या रस्त्याप्रमाणे निवडा, दुसऱ्याचा बघून नको. एवढं मी शिकलो. वसंताच्या गाडीबद्दल मात्र मला पुन्हा कधी काही वाटलं नाही. हेवा वाटतो तो दुकानदाराच्या नावावर त्यानं मारलेल्या त्या थापेचा. वसंताच्या जागी मी असतो, तर तो नंबर सरिताला मोठ्यानं वाचून दाखवला असता.