बुंदीचा म

मी मारुतीकडे आजवर एकाच माणसाचं वाईट मागितलं, आणि तेही माझ्याच मुलीचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, सजवून लिहिता येत नाही. घडलं तसं सांगते.

यांची सरकारी कारखान्यातून बदली झाली आणि आम्ही लखनौला आलो, ते इथलेच झालो. हे गेल्यावर सरोजिनी नगरच्या घरात मी आणि धाकटी वर्षा, दोघीच उरलो. वर्षा पंधरा वर्षं अमौसीला विमानतळावर काउंटरवर होती. इस्त्रीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. गल्लीत मला 'एअरपोर्टवाली की अम्मा' म्हणत आणि मला ते आवडायचं. चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस ती म्हणाली, "आई, मी नोकरी सोडली. मला छोट्या मुलांना हिंदी शिकवायचंय."

"डोकं फिरलंय का? या वयात मास्तरीण?"

"हाँ, इसी उम्र में." रागावली की ती हिंदीत बोलते.

निम्म्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसून तिने दोन वर्षांचं शिक्षण घेतलं. नंतर एकेक शाळा नाही म्हणत गेली. कुणाला वय जास्त वाटलं, कुणाला अनुभव कमी. शेवटी चिनहटच्या एका शाळेने पहिलीच्या वर्गावर एक धडा घेऊन दाखवा म्हणून बोलावलं. वर्षा म्हणाली, "इथेही नाही जमलं, तर जुन्या साहेबांना फोन करते." तेवढं मी पकडून ठेवलं. रोज दिवा लावताना म्हणायचे, मारुतीराया, हिला नापास कर.

धड्याचा दिवस आला तो जेठ महिन्यातला पहिला मंगळवार. लखनौत याला बडा मंगल म्हणतात. हनुमानाच्या नावाने चौकाचौकात भंडारे लागतात. पुरी-सब्जी, बुंदी, सरबत. जाणाऱ्यायेणाऱ्याला हात धरून थांबवतात. चिनहटच्या मारुतीला नारळ फोडायचा म्हणून मीही तिच्याबरोबर निघाले. शाळेच्या अलीकडे आमची ई-रिक्षा गर्दीत अडकली. उशीर नको म्हणून वर्षा घाईने उतरली. महिनाभर खपून अक्षरांचे तक्ते केले होते, त्यांची गुंडाळी सीटवरच राहिली. मला ती दिसली. मी बोलले नाही. नारळाची पिशवी घेतली आणि उतरले. रिक्षा वळून निघून गेली.

शाळेचं फाटक दिसल्यावर तिच्या लक्षात आलं. मागे पळत गेली, तशीच परत आली. भंडाऱ्याच्या मांडवाशी फुटपाथवर बसली. रडली नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, मारुतीने ऐकलं. आनंद व्हायला हवा होता. पण मीही नारळाची पिशवी खाली ठेवून तिच्याशेजारी बसले.

मांडवात माझ्याच वयाची एक बाई बुंदी वाटत होती. तिथूनच ओरडली, "अरे बिटिया, धूप में काहे बैठी हो?" वर्षाने झालेलं सांगितलं. बाई म्हणाली, "कागज ही तो गया है! बच्चे तो वहीं बैठे हैं ना?" आणि पत्रावळींचा गठ्ठा व कोरड्या बुंदीची फुगलेली पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. वर्षा नको नको म्हणत होती. "तुम्हें कौन दे रहा है? बच्चों का है. मंगल को खाली हाथ कोई नहीं जाता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अम्मा, तुम भी उठो. पानी पियो."

वर्षाने पिशवीत बघितलं. मला विचारलं, "आई, तू शाळेत धुळीत बोटाने अक्षरं गिरवायचीस ना?"

"हो. पाटी कुणाकडे होती?"

ती उठली आणि चालायला लागली.

मी वर्गाबाहेर व्हरांड्यात बसले. तिने फळ्यावर मोठा म काढला आणि प्रत्येक मुलापुढे पत्रावळ ठेवून त्यावर मूठभर बुंदी टाकली. आधी म मांडायचा, मग म चे शब्द सांगायचे, मग खायचं. मटर, मेला, मच्छर, मौसी, ओरडा चालला होता. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मैडम, मेरा म आधा मैंने खा लिया!" शाळेच्या मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. त्या हसल्या. निघताना म्हणाल्या, "जुलाई से आ जाइए."

मी याला चमत्कार म्हणणार नाही. त्या दिवशी अख्ख्या लखनौत बुंदी वाटतात. पण मी ज्याच्याकडे तिचं वाईट मागितलं, त्याच्याच मांडवातून तिला हवं ते मिळालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी नारळ फोडला, पण मान वर करून मूर्तीकडे बघवलं नाही.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. मारुतीकडे मागितलेलं आणि गुंडाळीचंही. तिने कपाटातून कोरे पुठ्ठे काढले. मग म्हणाली, "अच्छा. तो अब? जुलैपर्यंत सगळे तक्ते नव्याने करायचेत. कात्री आण." सुट्टीभर मी अक्षरं कापत बसले. माझा ज्ञ वाकडा झाला, तो तिने दोनदा परत करायला लावला.

आता मारुतीपुढे मी कुणासाठी काय हवं ते सांगत नाही. मला वाटायचं, तिचं भलं मला जास्त कळतं. ते त्याच्यावर सोपवायला मला सत्तरी गाठावी लागली, आणि तरी त्याने मला दारातून हाकललं नाही, याबद्दल हात जोडते. हात जोडते आणि गप्प बसते. गप्प मी रिक्षातही बसले होते. त्या गप्प बसण्याची लाज वाटते. या गप्प बसण्याने झोप येते.