सोशिक म्हणे!

ताई गाडी शिकवायची. शहरातल्या निम्म्या बायका तिच्या शेजारी बसून क्लच दाबायला शिकल्या होत्या. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ताईचा पाय त्यावर सदा तयार, आणि पायापेक्षा जीभ तयार. "आरसा भुवया बघायला दिलेला नाही," ती म्हणायची. "समोरची भिंत सरकणार नाही, सरकायचं ते आपण." तिच्या तोंडाचा धसका सगळ्यांनाच होता, पण तिच्याकडे शिकलेलं माणूस परीक्षेत सहसा आपटत नसे. म्हणून बोलणी खाऊनही लोक तिच्याकडेच यायचे.

तिचा धाकटा भाऊ नाटकं लिहायचा. आधी कुणी विचारत नव्हतं. मग त्याने आपल्याच घरावर एक नाटक लिहिलं आणि ते धो धो चाललं. ताई आईला घेऊन ते बघायला गेली तेव्हा पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवलेल्या होत्या.

नाटकातले वडील डोकं धरून बसले होते. दोघांना शिकवायची ऐपत नाही, एकालाच कॉलेजात घालता येईल, हे सांगताना त्यांना हुंदका आवरत नव्हता. नाटकातली आई मध्ये पडली. पोरीचं शिक्षण थांबवाल तर मी या घरात पाणी पिणार नाही, म्हणाली. आणि मग थोरली बहीण उठली, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "बाबा, धाकट्याला शिकू दे. माझं काय, मी कुठेही रुजेन."

नाट्यगृहभर रुमाल निघाले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण घडलं होतं ते असं. वडील दाढी करत होते. एका गालावर साबण, हातात वस्तरा. आरशातून डोळे न हलवता ते म्हणाले, पुढच्या वर्षापासून हिचं कॉलेज बंद, पोराला पुढे शिकवायचंय. आणि दुसऱ्या गालाला साबण लावायला लागले. आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. ताईला यंत्रांचं शिकायचं होतं, गणितात वर्गात तिच्या पुढे कुणी नव्हतं. ती हसली बिसली नाही. ती ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली, मग खाली गेली, हातोडी घेतली आणि वडिलांच्या स्कूटरचा दिवा फोडला, आरसे फोडले, मीटरची काच फोडली. चाळीस खिडक्यांतून लोक बघत होते. वडिलांनी सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. त्यानंतर वडील जिवंत होते तोवर ताई त्यांना ताट वाढायची, औषध द्यायची, दवाखान्यात न्यायची, पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. तो अबोला वडिलांबरोबरच संपला. धाकटा त्या दिवशी जिन्यात उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

पडदा पडल्यावर धाकट्याने तिला रंगमंचावर बोलावलं. "हीच ती," तो माइकवरून म्हणाला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी हातात फुलांचा गुच्छ कोंबला. एरवी रस्त्यात ट्रकवाल्याला खाली उतरवून सुनावणारी ताई तिथे तोंडात गुळणी धरल्यासारखी उभी राहिली. एवढी माणसं आपल्यासाठी रडली, त्यांना खोटं कसं पाडायचं, हेच तिला सुचेना. घरी येऊन तिने तो गुच्छ फरशी पुसायच्या बादलीत उभा केला.

एवढ्यावर भागलं असतं तर ती कदाचित गप्प बसली असती. पण आईला नाटक फार आवडलं. आधी ती शेजारणींना गोष्ट सांगायची ती "नाटकात ना," म्हणून. हळूहळू "नाटकात" गळलं. मग एक दिवस ताई स्वयंपाकघरात असताना बाहेर आई कुणाला तरी सांगत होती, की मी यांना किती समजावलं, पोरीचं शिक्षण तोडू नका म्हणून हट्ट धरला, पण यांच्यापुढे कुणाचं चालतंय. सांगताना आईचा आवाज खरंच दाटून आला होता. ताईने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. आईने आतमध्ये बघून पाहुणीला सांगितलं, "दमते बिचारी."

तो दिवस आता तिघांच्याच आठवणीत उरला आहे, असं ताई धरून चालली होती. खिडक्यांतली माणसं कधीच पांगली होती. आता आईही नाटकाच्या बाजूला गेली. उरला धाकटा, आणि तो तर त्या नाटकाचा कर्ताच.

पुढे ते नाटक कॉलेजच्या अभ्यासाला लागलं. ताईकडे एक मुलगी गाडी शिकायला यायची. परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती वळणं घेता घेता पाठांतर करायची. एकदा चौकात सिग्नलला थांबली असताना ती पुटपुटायला लागली, "थोरल्या बहिणीचं स्वभावचित्र. सोशिक. त्यागी. रागलोभाच्या पलीकडची."

ताईने विचारलं, कोण ही एवढी पलीकडची?

मुलीने नाटकाचं नाव सांगितलं. ती थोरली बहीण आपल्याच शेजारी बसली आहे, याचा तिला पत्ता नव्हता. "पेपरात त्यागमूर्ती लिहायचं," ती म्हणाली, "पण खरं सांगू का ताई, मला ती बावळट वाटते. हसतेय काय? मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं."

सिग्नल हिरवा झाला. मुलीने गिअर टाकला, पण गाडी हलेना, कारण ताईचा पाय ब्रेकवर घट्ट बसला होता. मागच्यांनी भोंगे वाजवून चौक डोक्यावर घेतला. ताईला काही ऐकू येत नव्हतं. लोक रडत होते तोवर एक वेळ ठीक, पण आता आपण तेव्हा होतो त्या वयाची पोरगी आपल्याला बावळट म्हणत होती. आणि त्या नाटकातल्या बाईबद्दल तिचं काही चुकत नव्हतं.

ताईने मुलीला घरी सोडलं आणि गाडी तशीच धाकट्याच्या तालमीच्या हॉलवर नेली. तिथे त्याच नाटकावरून होणाऱ्या मालिकेची तयारी चालली होती. दहा-बारा नट भिंतीला टेकून चहा पीत होते. धाकटा मधोमध उभा राहून त्यांना सांगत होता की थोरल्या बहिणीच्या पात्राचा गाभा त्याग आहे, ते हसू नीट जमलं की पुढचं सगळं जमलं.

"मी हसले नव्हते," ताई दारातूनच म्हणाली.

धाकट्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. बहिणीचं काम करणारी नटी तेवढी कप हातात धरून दाराशी रेंगाळली. धाकट्याने आधी समजुतीचा सूर लावला. नाटक म्हणजे पंचनामा नव्हे, म्हणाला. मग म्हणाला, त्याने तिला मोठं केलं, घराघरात पोचवलं, अजून काय करायला हवं होतं?

"जिन्यात उभा होतास ना तू?" ताईने विचारलं.

"होतो."

"काय पाहिलंस?"

तो म्हणाला, त्याने पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं. हातोडी, काचा, सगळं. निर्माता म्हणाला, अशा बाईची लोकांना भीती वाटेल, तिच्यासाठी कोण रडणार. "आणि ते खरंच आहे, ताई. तसं दाखवलं असतं तर लोकांनी तुझ्यावर प्रेम केलं नसतं."

"मला लोकांचं प्रेम नको होतं रे. मला कॉलेज हवं होतं." ताईचा आवाज चढला. "जुन्या नाटकांतल्या राण्या मला वाचून दाखवायचास लहानपणी. एकेक चिडली की राज्य जळायचं. तेव्हा म्हणायचास, काय बाई आहे! त्यांना राग शोभतो, आणि घरातल्या बहिणीला शोभत नाही? तुला माझी लाज नव्हती वाटत. तुला तुझी वाटत होती. मी हसत हसत दिलं म्हटलं की तुझ्यावर ओझं राहत नाही."

दारातली नटी हळूच म्हणाली, "सर, हे करायला मला आवडेल." त्याने तिला झटकलं, तालीम संपली म्हणून सांगितलं आणि स्वतःची पिशवी उचलून निघून गेला.

ताईला वाटलं, बदलेल. मालिका आली तेव्हा त्याने बदल केला होता खरा. त्यात थोरली बहीणच नव्हती. नायक आईबापांचा एकुलता एक होता आणि आपल्या जिद्दीवर शिकला होता. खोटी बहीण चालत होती. खरी झेपेना, तर त्याने ती पुसूनच टाकली. ताईने त्याचा फोन घेणं बंद केलं. त्या नटीला दुसरं काम मिळालं, आणि सुट्टी मिळेल तेव्हा ती ताईकडे गाडी शिकायला यायला लागली.

आई मात्र मालिका बघताना बेचैन व्हायची. यात माझं भांडण दाखवलंच नाही, म्हणायची. मी यांच्याशी केवढी भांडले होते.

"नाही आई," ताई म्हणाली. "तू तांदूळ निवडत होतीस."

आईचा चेहरा उतरला. तिने टीव्हीचा आवाज कमी केला, पुन्हा वाढवला. मग म्हणाली, "बोलले असते तरी त्यांनी ऐकलं असतं का?"

"नसतं ऐकलं. पण मला ऐकू आलं असतं."

आई उठून आत गेली. दोन दिवस ती ताईशी बोलली नाही, आणि या वेळी ताईनेही समजूत काढली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली आणि तिने मालिकेचा विषय काढला. आईने एकदा ताईकडे पाहिलं, मग शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडे असं काही झालं नव्हतं." आपल्या भांडणाची गोष्ट या वेळी तिने सांगितली नाही. ताईने किल्ली उचलली. खाली शिकाऊ बाई वाट बघत होती, आणि तिला अजून गाडी मागे घेता येत नव्हती.