काळा की तपकिरी?

फौजदारांना जाऊन दोन वर्षं झाली. आठवण निघाली की गल्लीतले लोक अजून आधी त्यांच्या मिशांबद्दल बोलतात, मग आवाजाबद्दल. लेकीला मात्र बुटांच्या पॉलिशचा वास येतो.

तेहतीस वर्षं पोलिसात काढून फौजदार निवृत्त झाले, म्हणजे फक्त ठाण्याचा पत्ता बदलला. पाचला उठायचं, प्रार्थना करायची आणि मग घरातल्या झाडून सगळ्यांचे बूट ओळीत मांडून पॉलिश करायचे. "माझं माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की पाऊल चकचकीत पडलं पाहिजे," म्हणायचे. एकदा बायकोच्या कापडी चपलांनाही ब्रश लागला. ते तिने आजवर माफ केलेलं नाही.

एका रविवारी लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला. मुलगा छापखान्यात कामाला होता. 'होता' हेच तर दुखणं! महिन्यापूर्वी छापखान्याला टाळं लागलं होतं. लेकीने त्याला जिन्यातच बजावलं, "नोकरी गेल्याचं अवाक्षर काढू नकोस. काम जोरात आहे म्हण. बाबा एकदा नाही म्हणाले, की मग जग इकडचं तिकडे झालं तरी हो म्हणत नाहीत."

मुलगा दाराशी बूट काढून आत बसला. फौजदार समोर येऊन बसले, ते त्याचेच बूट हातात घेऊन. एक उलटा करून त्यांनी तळवा पाहिला. टाच नखाने खरवडली. चष्मा लावून बूट उजेडाकडे धरला. चांगली पाच मिनिटं ही तपासणी चालली. मुलाला दरदरून घाम फुटला. लेकीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला, तो नेमका आईचा निघाला.

शेवटी फौजदारांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काळा की तपकिरी?"

"छापखाना बंद पडलाय!" मुलगा ताडकन उभा राहिला. "महिना झाला, साहेब. रोज काम शोधत हिंडतोय."

"अरे बाबा, मी पॉलिशचं विचारतोय. तुझ्या बुटांचा मूळ रंगच कळेना."

आईने कपाळावर हात मारला. "झालं! अट्टल चोर यांच्यापुढे दोन-दोन दिवस तोंड उघडायचे नाहीत, आणि या पठ्ठ्याने पॉलिशवर कबुली दिली."

"आणि हे लपवायचं कुणी शिकवलं?" फौजदारांनी विचारलं.

मुलगा छताकडे बघू लागला. लेकीने हात वर केला. "मी, बाबा."

फौजदारांनी पॉलिशची डबी उघडली. त्यांनी दोन्ही बूट तपकिरी करून चमकवले, हात धुतले आणि "वरिष्ठांना विचारून येतो," म्हणत आतल्या खोलीत प्रार्थनेला गेले. दार लोटलं खरं, पण परेडच्या मैदानावर कमावलेल्या आवाजापुढे बिचारं दार काय करणार?

"देवा, एक इसम घरी आला आहे. वय अंदाजे सत्तावीस, अंगाने सडपातळ, हाताला काम नाही. कुठलाही दबाव नसताना खरं बोलला. पळून जायचा प्रयत्न केला नाही. बूट माझ्या ताब्यात होते, हेही नमूद करतो. माझी लेक खोट्यात सामील आहे. तिला तू आत्ता माफ कर, मी संध्याकाळपर्यंत करतो. पोर तुझ्याकडून मागून घेतली होती, म्हणून तुला विचारल्याशिवाय तिच्या बाबतीत शब्द देत नाही. हरकत असेल तर आत्ताच कळव."

लेकीने जन्मात एवढ्या मनापासून प्रार्थना केली नव्हती. देवा, आजच्या दिवस गप्प बस!

आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग दार उघडलं.

"वरून हरकत आलेली नाही," फौजदारांनी जाहीर केलं आणि बायकोकडे वळले. "खालून?"

"माझी आहे," आई म्हणाली. "केव्हाचा चहा ओतून ठेवलाय. जावयाला काय गार चहा पाजणार आहात?"