गयाआत्याची लोटी

गयाआत्याने कधी कुणाला ‘तूप वाढू का’ असं विचारलं नाही. पंगतीत ती तुपाची लोटी घेऊन फिरायची आणि ज्याने ताटावर हात आडवा धरला, त्याच्या हातावरच धार सोडायची. तो माणूस ओशाळून बोटं चाटायला लागला की म्हणायची, “कोरडा घास घशात रुसून बसतो, बाबा. त्याची समजूत घालायला तूपच लागतं.”

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. पडेगावला राहायची. एके काळी तिच्या दारात म्हशी असायच्या. नवऱ्यामागे तिने पोरं वाढवली ती दुधावरच. शेवटी एक गाय तेवढी उरली होती, पण तिच्या पदराला आणि हातांना दुधाचा वास कायमचा चिकटलेला होता. भाऊबीजेला आम्ही सगळे तिच्याकडे जेवायचो. तुपात बुडालेली पुरणपोळी आणि शेजारी दुधाची वाटी.

माझी मुलगी ओवी दीड वर्षाची असताना शेजाऱ्यांनी कौतुकाने तिला पेढ्याचा तुकडा भरवला. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिला मांडीवर घेऊन रिक्षातून दवाखान्यात जाताना मी तो आवाज ऐकत होतो, आणि मध्येच तो थांबला तर, एवढंच डोक्यात घोळत होतं. ती वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, दुधाचा थेंबही नको. दही नको, लोणी नको, तूप नको. एक इंजेक्शन कायम जवळ बाळगायला दिलं. त्या दिवसापासून मी सणांना घाबरायला लागलो. कुणी प्रेमाने जवळ येऊन पोरीच्या तोंडात काहीतरी घालेल, हीच माझी धास्ती.

आणि सगळ्यात जास्त धास्ती आत्याच्या घराची. काही दिवाळ्या मी निमित्तं काढून टाळल्या. एका वर्षी गेलो, तर ओवीला घरचा डबा देऊन ओसरीच्या पायरीवर वेगळं बसवलं. आत पंगत हसत होती. आत्या तिला जवळ घ्यायला वाकली तशी ओवी मागे सरकली आणि मला विचारलं, “बाबा, आत्याआजीचा हात लागला तर मी मरेन?”

वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं. घरी वेगवेगळ्या शब्दांत मीच ते रोज म्हणत होतो. आत्याने पुढे केलेला हात पदरात गुंडाळून घेतला. त्या दिवशी तिने तूप वाढलं नाही. लोटी सुनेच्या हाती दिली.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. “दिलप्या, यंदा भाऊबीजेला येऊ नको.”

“कामून गं आत्या? रागावलीस?”

“रागवायला तू काय माझा सासरा हायेस? वसुबारसेला ये. समदेच येणारेत. बारशीला आपल्यातल्या बाया दूध-तूप तोंडात घालत नायत. त्या दिवशी गायीचं ते वासराचं. तुझ्या लेकीला जे चालत नाय, ते त्या दिवशी मलाबी चालत नाय. मग ती वेगळी कशी?”

मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिच्या स्वयंपाकघराचाच विचार करत बसलो. वर्षानुवर्षं तूप प्यायलेला तो तवा, दुधाची पातेली, ओट्यावरची फडकी. शेवटी माझी बायको अनिता म्हणाली, “जायचं नसेल तर तसं सांगा. पण भीती तुमची आहे, पोरीच्या नावावर खपवू नका.”

आम्ही गेलो. दारातच आत्याने विचारलं, “सुई कुठंय?” इंजेक्शनची पिशवी तिने सगळ्यांना दिसेल अशी खुंटीला अडकवली आणि ते कसं द्यायचं हे माझ्याकडून शिकून घेतलं. “मांडीत? कपड्यावरून बी चालतं?” असं विचारत तिने मला ते पुन्हा दोनदा करून दाखवायला लावलं. तोवर मला वाटायचं, भीती फक्त माझ्याकडे आहे.

चुलीवर मातीचा नवा तवा होता. जुना तिने शेजारी नेऊन ठेवला होता. दोन दिवसांपासून गायीची धार काढली नव्हती, वासरू मोकळं सोडलं होतं. माझा आतेभाऊ बबनदादा कुरकुरला, “आई, ही दिवाळी हाय का दवाखाना?”

“दवाखान्यात जायची पाळी येऊ नये म्हणून तर! गप गवार मोड.”

बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा कूट घातलेली गवार, ठेचा आणि गरम भाकरी गुळात कुस्करून केलेला मलिदा. ओवी पहिल्यांदाच पंगतीच्या मधोमध बसली होती. आत्या लोटी घेऊन आली, तिच्या ताटाशी वाकली आणि मलिद्यावर पिवळी धार पडली.

मला फक्त लोटी दिसली. ताटं ओलांडून मी झेपावलो आणि आत्याच्या मनगटावर फटका मारला. लोटी खणकन फरशीवर पडली. सगळीकडे करडईच्या तेलाचा वास पसरला.



“करडईचं हाय रे,” आत्या हळूच म्हणाली. “लोटीबी नवी हाय. गुलमंडीच्या बाजारातून आणवली.”

मला मान वर करता येईना. वाटलं, आता आत्या रागावून आत निघून जाईल आणि पोर पुन्हा पायरीवर. आत्याने मनगट चोळलं, लोटी उचलली. “बापानं असंच भ्यावं,” ती म्हणाली. “पण भीती तुझ्या हातात ऱ्हाऊ दे. तिच्या ताटात वाढू नको.”

मग तिने मलिद्याचा लहानसा घास केला आणि, मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं ते केलं. तिने विचारलं. मला नाही, ओवीला. “घालू का गं बाई?”

ओवीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

त्यानंतर मी जेवलो नाही. तिचे ओठ बघत राहिलो. आत्याही जेवली नाही. वेणी घालायचं निमित्त करून ती ओवीला पुढ्यात घेऊन बसली आणि मधूनमधून तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत राहिली. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. गोठ्यात दिवा लावायची वेळ झाली आणि ओवी वासरामागे पळत सुटली, तेव्हा आत्या भिंतीला टेकली. “अनिता, आता मला वाढ गं. लई भूक लागलीय.”

त्यानंतर दर बारशीला ओवी आत्याच्या पंगतीतच जेवली. गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. बबनदादाने ती तेलाची लोटी मला दिली. यंदाची वसुबारस आमच्या घरी झाली. पिशवी खुंटीला होती. वाढायची वेळ आली तशी मी ओवीच्या ताटाशी वाकलो आणि सवयीने सुरू झालो, “तेल आजच आणलंय, तव्याला दुसरं काही लागलेलं नाही, घालू ना?”

“बाबा,” ओवी म्हणाली, “लोटी हातात असली की विचारायचं नसतं.”

आणि हसत तिने ताटावर हात आडवा धरला. लोटी दोन्ही हातांनी घट्ट धरून मी तिच्या हातावरच धार सोडली.