कुंपणाबाहेरचे पंच

पंचांच्या गळ्यात कायम एक शिट्टी असायची. लग्नाला, बारशाला, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्यालाही ते शिट्टी घालून गेले होते, असं त्यांची बायको सांगायची. तिला आम्ही काकू म्हणत असू, आणि नवऱ्याबद्दल वाईट सांगताना काकू कधीही वाढवून सांगत नसत. तरुणपणी पंच ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जायचे. पोटासाठी कुठल्याशा सरकारी कचेरीत नोकरी केली, पण ती मधल्या वेळात. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, मैदान सुटलं, शिट्टी तेवढी राहिली. मग कल्याणला खाडीच्या बाजूला, आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या जागेला जाळीचं कुंपण घालून कुत्र्यांसाठी बाग झाली आणि पंचांना पुन्हा मैदान मिळालं.

बागेच्या फाटकावर ‘श्वान क्रीडांगण’ अशी पाटी होती. आम्ही सगळे डॉग पार्कच म्हणायचो. पंच मात्र पाटीवरचा क्रीडांगण हा शब्द धरून बसले. क्रीडांगण म्हटलं की खेळ आला, खेळ म्हटला की नियम आले आणि नियम आले की पंच हवाच. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. कुणी नकोही म्हटलं नव्हतं, आणि आपल्याकडे नेमणुकीला एवढं पुरतं.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. आमचा लाडू लॅब्रॅडॉर. फ्लॅटमध्ये वाढलेला, दुसरी कुत्री त्याने फक्त गॅलरीतून पाहिलेली. त्याला काट्यावर चढवल्यावर डॉक्टरांनी काट्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं होतं. चार कुत्र्यांत सोडा, धावेल, शहाणा होईल, असं तेच म्हणाले. म्हणून मी हौसेने त्याला घेऊन गेले, फाटकाला हात घातला आणि कानाशी शिट्टी वाजली. गडी मैदानात उतरण्याआधी मैदान बघतो, असं सांगून पंचांनी आम्हाला कुंपणाबाहेरच उभं केलं. आतली कुत्री एकेक करून जाळीशी येऊन लाडूला हुंगून गेली, लाडूने त्यांना हुंगलं आणि आनंद अनावर होऊन माझ्या चपलेवर धार सोडली. आज एवढं पुरे, उद्या या, असा निकाल लागला. तिथे एक विक्षिप्त म्हातारा आहे आणि मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं मी घरी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी लाडू मला ओढतच घेऊन गेला.

बागेला एकामागे एक अशी दोन फाटकं होती. मधल्या चिंचोळ्या जागेला पंच कबड्डीच्या भाषेत लॉबी म्हणायचे. लॉबीत पट्टा सोडायचा, आतल्या मंडळींना मागे सारायचं आणि मगच आतलं फाटक उघडायचं. शिरताशिरताच घोळका अंगावर आला की भल्याभल्या कुत्र्याची भंबेरी उडते, आणि घाबरलेलाच आधी दात दाखवतो, हे त्यांचं ठाम मत. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आत नाही. खोकणारं कुत्रं आत नाही. अंगावर गोचीड दिसली तर कुत्रं मालकासकट बाहेर. आणि सगळ्यात कडक नियम खाऊचा. खिशात बिस्किटाचा तुकडा असला तरी तो बाहेर ठेवून यायचं. ‘मैदानात खाऊ आला की खेळ संपतो आणि पंगत बसते,’ ते म्हणायचे, ‘आणि पंगतीत तर माणसंसुद्धा भांडतात.’

कुत्र्यांचा खेळ त्यांना कबड्डीसारखा दिसायचा. कोण चढाई करतंय, कोण पकडीच्या तयारीत आहे, कुणाचा दम संपत आलाय, हे ते आमच्याशी गप्पा मारता मारता टिपत. एकदा लाडू पिंट्या नावाच्या एका बीगलच्या पोराच्या मागे धावत होता आणि मी कौतुकाने बघत होते. पंच म्हणाले, ‘हा याच्या मागे, मग तो त्याच्या मागे, तोवर खेळ. एकालाच पळावं लागत असेल तर ती शिकार.’ आणि शिट्टी वाजवली. एक आखूड शिट्टी म्हणजे कुत्रा बाद. मालकाने त्याला पट्टा लावून कुंपणाबाहेरून एक फेरी मारून आणायची, डोकं थंड झालं की पुन्हा आत. त्याच दिवशी दुसऱ्यांदा बाद झाला तर थेट घर. लाडू पुढे सडपातळ झाला तो खेळून झाला की बाद होऊन होऊन झाला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मीही सुधारले. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूष, एवढंच ज्ञान घेऊन मी तिथे गेले होते.

आणखी एक नियम होता, तो वापरायची वेळ सहसा येत नसे. रक्त निघालं तर कुत्रा कायमचा बाद. एका बिल्डरच्या रॉटवायलरला हा नियम लागला तेव्हा बिल्डरची माणसं पंचांना भेटायला आली. आधी गोड बोलली, मग तशी बोलली नाहीत. पंचांनी त्यांना बाकावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘शेठना सांगा, माझा राग नाही. कुत्रा बाद आहे.’ तो रॉटवायलर परत दिसला नाही. आम्ही पुढे कितीतरी दिवस हा किस्सा असा सांगत होतो, जणू शिट्टी आम्हीच वाजवली होती.

पंचांचा स्वतःचा कुत्रा म्हणजे बोनस. तांबूस, गावठी, एक कान मोडलेला. मासळीबाजारातून त्यांच्या मागे मागे कोळीवाड्यातल्या घरापर्यंत आला आणि ओट्यावर बसला तो बसलाच. निवृत्तीनंतर मिळाला आणि काही न करता मिळाला, म्हणून बोनस. कुत्र्याला घरात घ्यायचं नाही असं काकूंनी बजावलं होतं, आणि त्याच त्याला सुक्या बोंबलाचं डोकं काढून ठेवायच्या. बागेत बोनस कुणात मिसळायचा नाही. पंचांच्या पायाशी बसून खेळ बघायचा, रेषेवरच्या पंचासारखा. एखाद्याला बाद केलं की पंच एकदा खाली बोनसकडे बघत, जणू त्याची संमती घेत. त्याला पट्टा नव्हताच, कधी लागलाच नव्हता. इतक्या कुत्र्यांत एकट्या बोनसची एकही आगळीक निघाली नव्हती, आणि पंच हे बोलून दाखवत नसले तरी त्यांच्या उभं राहण्यात ते दिसायचं.

त्या सकाळी पिंट्याची मम्मी पर्समध्ये चिकनचे तुकडे विसरून आत आली. आम्ही तिथे सगळे कुत्र्यांच्या नावानेच ओळखले जात होतो. मी लाडूची आई, ती पिंट्याची मम्मी. पर्स बाकावरून पडली, तुकडे सांडले आणि काय होतंय हे कळायच्या आत पाच-सहा कुत्र्यांचा गोळा झाला. गुरगुर, धूळ, एक किंचाळी. गोळा फुटला तेव्हा पिंट्या खाली पडला होता, त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि त्याच्यावर उभा होता टायगर, आमच्यातला सगळ्यात धिप्पाड जर्मन शेफर्ड.

मग काय विचारता. पिंट्याची मम्मी रडायला लागली आणि बाकीच्यांनी टायगरच्या पप्पांना घेरलं. हा गृहस्थ जिममध्ये ट्रेनर, दंड माझ्या मांडीएवढे, आणि तो हात जोडून सांगत होता, ‘टायगर असा नाहीये हो, खरंच नाहीये.’ कुणी ऐकायला तयार नव्हतं. मोठं कुत्रं, मोठे दात, वर रक्त. मीसुद्धा त्यांतलीच होते. शेवटी सगळे पंचांकडे वळले. शिट्टी त्यांच्या ओठांत होती, पण वाजायला वेळ लागला. वाजली तेव्हा लांब वाजली.

‘बोनस बाद,’ पंच म्हणाले.

आम्हाला वाटलं, बोलताना नाव चुकलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की टायगर नंतर धावला आणि मध्ये पडला. चावला बोनस. त्यांनी पाहिलं होतं. मी खाली पाहिलं. बोनस नेहमीच्या जागी, त्यांच्या पायाशी येऊन बसलेला, आणि जिभेने मिशा साफ करत होता. पंच गप्प राहिले असते तर हे कुणालाही कळलं नसतं, आणि टायगर बाद व्हावा हे तर सगळ्यांना हवंच होतं. आम्ही लगेच बाजू बदलली. चूक चिकनची आहे, बोनस बिचारा रस्त्यावरचा, भूक पाहिलेला, नियम तर आधी पर्सने मोडला. पिंट्याची मम्मीसुद्धा रडत रडत म्हणाली, काका, माझीच चूक आहे. पंचांनी तिला ताकीद दिली आणि आम्हाला सांगितलं, ‘तो वेगळा निकाल, हा वेगळा.’

कायमच्या बाद झालेल्याला पट्टा लावून न्यायचं, हाही त्यांचाच नियम. बोनसला पट्टा नव्हता. पंचांनी टायगरच्या पप्पांपुढे हात केला. त्यांनी टायगरचा पट्टा काढून दिला. तो बोनसला इतका मोठा होत होता की पंचांना दोनदा गुंडाळावा लागला. तुम्ही तरी येत जा, बोनसला घरी ठेवा, असं मी म्हटलं. पंच फाटकाशी थांबले. ‘तो माझ्या मागे आलाय गं,’ म्हणाले. ‘त्याला बाहेर बसवून मी आत कसा उभा राहू?’ आणि दोघं लॉबीतून बाहेर पडले. आतलं फाटक नीट लावून.

पिंट्याचा कान टाके घालून बरा झाला. बाग मात्र बिघडली. जो तो आपला कुत्रा निर्दोष असल्याचं मोठ्याने सांगायला लागला. शेवटी मी आणि टायगरचे पप्पा लाडूला घेऊन पंचांच्या घरी गेलो. दारातच काकू कोयत्यावर मासे कापत होत्या. ‘घेऊन जा गो यांना,’ त्या मला म्हणाल्या. ‘सकाळपासून माझ्या मासळीत पंचगिरी चाललीय. बोंबील कसा धरायचा ते मला शिकवतात.’ पंच ओट्यावर बसले होते, शेजारी बोनस, खुंटीला टायगरचा पट्टा.

मी घरून तयारी करून गेले होते. कबड्डीत समोरच्या संघाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन मैदानात परत येतो. हे मला पंचांनीच शिकवलं होतं. तेव्हा मी सांगितलं की काल लाडूने एका पिल्लाला फार छळलं, मी स्वतः त्याला बाद करते आहे, आणि आता नियमाने बोनस जिवंत झाला पाहिजे. पंचांनी लाडूकडे बघितलं. लाडू त्यांच्या पावलावर बसून काकूंच्या माशांकडे बघत लाळ गाळत होता.

‘नियम बरोबर आहे,’ पंच म्हणाले. ‘पण समोरच्या संघाचा गडी पडावा लागतो. तुम्ही समोरचे कधी झालात?’

टायगरचे पप्पा डोळे पुसत माशांकडे बघायला लागले. काकूंनी आम्हाला तळलेले बोंबील खायला घातले आणि आम्ही सामना हरून परत आलो.

बागेच्या कुंपणाला लागून खाडीकडे जाणारी पायवाट होती. काही दिवसांनी पंच आणि बोनस तिथून जायला लागले. पंच आत बघायचे नाहीत. आतली कुत्री जाळीशी धावायची, बोनस त्यांना हुंगायचा आणि दोघं पुढे जायचे. एके दिवशी लाडू एका नव्या पिल्लाच्या मागे लागला होता. पिल्लू एकटंच पळत होतं, मी गप्पांत गुंग, आणि बाहेरून शिट्टी आली. आखूड. सगळी कुत्री जागच्या जागी थांबली, माणसंही. मी निमूट लाडूला पट्टा लावला आणि बाहेर फेरीला निघाले. पायवाटेवर पंच होतेच. ती फेरी आम्ही चौघांनी मारली. लाडू आणि बोनस पुढे, आम्ही मागे. बऱ्याच दिवसांनी पंच बोलले, आणि बोलले ते काकूंची तक्रार करण्यासाठी.

ही युक्ती सगळ्यांच्या लक्षात आली. पंच येण्याच्या वेळेला आपला कुत्रा बाद व्हावा म्हणून लोक धडपडू लागले. टायगरच्या पप्पांनी एकदा टायगरला पिंट्याच्या अंगावर चक्क ढकललं. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. खोटा गडी मला कळतो, एवढंच जाळीबाहेरून म्हणाले. खरोखर आगळीक केली असेल तरच फेरी मिळे. त्यामुळे सगळ्यात जास्त फेऱ्या आमच्या लाडूच्या वाट्याला आल्या, आणि आईबापांना मुलाच्या वाईट वर्तनाचा इतका अभिमान वाटल्याचं उदाहरण दुसरं नसेल.

मग मुलीच्या कॉलेजसाठी आमचं ठाण्याला राहायला जायचं ठरलं. इथे आमच्या संकुलात गुळगुळीत डॉग पार्क आहे, कुत्र्यांना उड्या मारायला रंगीत कमानी आहेत, आणि वादासाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शिट्टी नाही. कधी लाडू एखाद्याच्या मागे जरा जास्त लागला तर मी त्याला पट्टा लावून बाहेर एक फेरी मारून आणते. लोक विचारतात, हे कशासाठी. मी सांगते, बाद झालाय.

निघायच्या आदल्या दिवशी मी लाडूला शेवटचं कल्याणच्या बागेत नेलं. पंच येतील, त्यांना सांगू, असा विचार होता, पण सांगायचं कसं ते ठरत नव्हतं. लाडूला त्या दिवशी नेमकं शहाणपण सुचलेलं. तो झाडाखाली चारही पाय पसरून घोरत होता. पायवाटेवर पंच दिसले, बोनस दिसला, दोघं नेहमीसारखे जाळीशी आले. आणि शिट्टी वाजली.

सगळ्यांनी आपापल्या कुत्र्याकडे पाहिलं. कुणीच काही केलं नव्हतं. पंचांचं बोट झाडाखाली होतं. लाडू बाद. मी लाडूला उठवलं, पट्टा लावला, लॉबीतून बाहेर आले. आम्ही फेरी मारली, नेहमीपेक्षा सावकाश, खाडीपर्यंत जाऊन परत. ठाण्याचं मी मासळीबाजारात काकूंपाशी बोलले होते, त्यांच्याकडून पंचांना आधीच कळलेलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. फाटकापाशी आल्यावर माझ्याच्याने राहवेना.

‘पंच, त्याने काही केलं नव्हतं,’ मी म्हटलं.

‘मला माहीत आहे,’ पंच म्हणाले आणि शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली.