‘गया’ आणि ‘गया ही नहीं’

कामतघरच्या आमच्या चाळीत फोन नव्हता. समोर कापडाचे लूम चालवणाऱ्या शेठच्या ऑफिसात होता. आखातातून माझ्या नवऱ्याचा फोन आला की शेठचे मेहताजी खिडकीतून हाक मारायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि नवऱ्याला तिकडे जाऊन चार वर्षं झाली होती. शुक्रवारच्या विमानाने येतो, असं त्याने कळवलं होतं. मी मेलीने भिंतींना चुनासुद्धा लावून घेतला.

शनिवारी सकाळी रेडिओवर बातमी आली. तिकडून मुंबईला निघालेलं शुक्रवारचं विमान इंजिन बंद पडून कोसळलं होतं. लूमवरचा एक जण मलाच विचारतो, "एक बंद पडलं तर दुसऱ्यावर चालत न्हाय?" मला काय ठाऊक, डोंबल! मी पायरीवर बसून राहिले.

दुपारी नवऱ्याच्या खोलीवरच्या मालेगाववाल्याचा फोन आला. लूमच्या खडखडाटात मेहताजींना एवढंच ऐकू आलं, "वो तो गया..." आणि लाईन कटली. ते रडतच बाहेर आले. शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि बांगड्या फोडायला पाटा पुढे ओढला. मी हात हिसडला. "गया म्हणजे मेला का? आधी नीट विचारा!" सगळी चाळ भोवती होती, पण माझ्या बाजूने बोलायला एक माणूस नव्हतं.

थोड्या वेळाने परत फोन वाजला. शेठने लूम थांबवायला लावले. रिसीव्हर मीच घेतला.

"भाभी, वो तो गया ही नहीं!" मालेगाववाला ओरडत होता.

"जिवंत आहेत हो!" मी दाराकडे बघून ओरडले. काकू साखर आणायला पळाल्या.

मग नवरा फोनवर आला.

"विमान चुकलं का तुमचं? देवच पावला बघा."

तो म्हणाला, "तिकीट काढलंच नव्हतं. मला यायचं नाही आता. वाट बघू नकोस."

बाहेर काकू साखर वाटत होत्या. त्यांनी माझ्याही तोंडात चिमूट कोंबली आणि मी ती गिळली. कुणाला काय सांगणार, कप्पाळ? त्या विमानातली माणसं निदान घरी यायला निघाली होती. मला त्यांच्या बायकांचा हेवा वाटला.