वस्तादांची मुरलेली भट्टी

वस्तादांना वस्ताद कोणी केलं, हे कोणालाच ठाऊक नाही. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली असावी, कारण दुसरं कोणी देईल अशी शक्यताच नव्हती. थोरल्या भावानं स्वयंपाकघर उभं केलं, जवळच्या इस्पितळातल्या रोग्यांच्या जेवणाचं काम मिळवलं आणि धाकट्याला पातेली हलवायला ठेवून घेतलं. पुढे थोरला गेला. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, कंबर कसून सगळं हाती घेतलं. वस्तादांनीही त्याच दिवशी एक गोष्ट हाती घेतली, ती म्हणजे हुकूम सोडण्याची.

सकाळी ते सगळ्यांच्या शेवटी यायचे आणि सगळ्यांच्या आधी दमायचे. दोघी मदतनीस बायका चिरायच्या, शिजवायच्या, घासायच्या. वस्ताद मधोमध उभे राहून चमचाभर चाखायचे, डोळे मिटायचे आणि बायकांनी आधीच बरोबर घातलेलं मीठ मंजूर करायचे.

मग वहिनींनी वाफेचा ओव्हन आणला. कपाटाएवढा, चकचकीत. मऊ भात, गाजर, भोपळा, सगळं त्यात एकदम शिजायचं. बसवायला आलेल्या मेकॅनिकनं सगळ्यांसमोर बजावलं, "तुमचं बोअरचं पाणी फार जड आहे. फिल्टर काढायचा नाही, वेळेवर बदलायचा. आणि हा लाल दिवा लागला की औषध घालून आतले क्षार धुवायचे. नाहीतर मशीन बसलंच म्हणून समजा."

"आम्हाला नका शिकवू," वस्ताद म्हणाले. "आमचा जन्म वाफेत गेलाय."

वहिनींना रोज बाजार करायचा असे, इस्पितळात डबे पोचवायचे असत. त्यांनी ओव्हनची देखभाल भाऊजींवर सोपवली. एवढं एक काम तरी करतील, असं त्यांना वाटलं. माणूस भाबडा असला की असंच वाटतं.

काही महिन्यांनी फिल्टर तुंबला, पाणी कमी येऊ लागलं. वस्तादांनी फिल्टर न बदलता नळी सरळ ओव्हनला जोडून टाकली. फिल्टर भिंतीवर शोभेला राहिला. मग लाल दिवा लागला. तो डोळ्यांत खुपतो म्हणून त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. वहिनी विचारायच्या, "भाऊजी, ओव्हन धुतलात का?" वस्ताद म्हणायचे, "लख्ख!" तो लख्ख होता यात शंका नाही. बाहेरून. त्यात बघून ते रोज भांग पाडायचे.

एकदा मदतनीस बाईला आत पांढरा थर दिसला. वस्तादांनी तिला आपलं शास्त्र सांगितलं. "अगं, लोखंडी तवा नवा असताना चिकटतो की नाही? वापरून वापरून मुरतो. भट्टीचंही तसंच. हा थर घासलास तर सगळं पुन्हा पहिल्यापासून!"

"पण तवा मुरला की काळा होतो. हे तर पांढरं आहे."

"वाफ काय काळी असते?"

यावर बाईनं हात जोडले आणि गाजरं चिरायला घेतली.

स्वतःच्या बाबतीत मात्र वस्ताद एवढे बेफिकीर नव्हते. मागे मुतखड्यानं त्यांना गडाबडा लोळवलं होतं. तेव्हापासून ते बोअरच्या पाण्याला शिवत नसत. गाळलेल्या पाण्याची बाटली घरून आणत, आणि तिला दुसऱ्या कोणी तोंड लावलं तर स्वयंपाकघर डोक्यावर घेत. जे पाणी आपल्याला सोसत नाही, ते ओव्हनला तरी कसं सोसेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी शिरला नाही. तिथे जागा भरपूर होती, तरीही.

ओव्हन आधी कुरकुरला, मग रेंगाळायला लागला. दोनदा जेवण उशिरा गेलं. इस्पितळातल्या देखरेखीच्या बाईंनी वहिनींना स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदा रोगी ताटकळले, तर आम्ही दुसरं स्वयंपाकघर बघू." हे काम गेलं तर दुसरं काहीच नव्हतं. वहिनींनी परत येऊन ते सगळ्यांना सांगितलं.

"काळजी कशाला करता? मी आहे ना!" वस्ताद म्हणाले. वहिनींना नेमकी तीच काळजी होती.

आणि एका सकाळी ओव्हननं मान टाकली. मेकॅनिकनं आतली टाकी उघडली, हलकेच ठोकलं, तर गिलावा पडावा तशी पांढरी ढेकळं पडली. पाणी तापवणारी कॉइल जळून गेली होती. त्यानं भिंतीवरचा फिल्टर पाहिला, दिव्यावरची पट्टी सोलली आणि वहिनींच्या हातात दिली.

वहिनींनी पट्टीकडे पाहिलं, मग भाऊजींकडे.

"मशीनच हलकं निघालं," वस्ताद म्हणाले. "मी तेव्हाच सांगणार होतो."

भांडायलाही वेळ नव्हता. वहिनींनी माळ्यावरची जुनी पातेली उतरवली. गाजरं लवकर शिजावीत म्हणून बायकांनी बारीक चिरली, तिन्ही शेगड्या पेटल्या. वस्तादांनी एकाच पातेल्यासाठी आधी "आच वाढवा" आणि लगेच "आच कमी करा" असं सांगितलं, मग उकाडा सोसेना म्हणून बाहेर बाकावर जाऊन बसले. झाकण काढताना वहिनींचा हात वाफेनं भाजला. पण जेवण वेळेवर गेलं.

दुपारी इस्पितळातल्या त्या बाईंचा फोन आला. वस्ताद तोवर आत आले होते. फोन त्यांनीच उचलला.

"हो, मीच बोलतोय. भात आवडला ना? अहो, मशीन दगा देतं, माणूस नाही देत. सकाळपासून एकटा झुंजतोय. बायका काय, नुसत्या हाताखाली असतात."

वहिनींनी ते सगळं ऐकलं. त्यांना राग आला, आणि इतके दिवस हे चालवून घेतल्याची लाजही वाटली. त्यांनी फोन मागून घेतला, बाईंचे आभार मानले, उद्याच्या जेवणाचं पक्कं केलं आणि फोन ठेवला.

"भाऊजी, उद्यापासून येऊ नका."

वस्ताद हसले. "चिडलात होय! बसा, दोन घास खाऊन घ्या."

"उद्या नको, परवा नको. कधीच नको."

आता वस्तादांचं हसू मावळलं. "वहिनी, आज दादा असता तर तुमची ही हिंमत झाली नसती!"

"ते असते तर त्यांनी तुम्हाला केव्हाच हाकललं असतं. ते नाहीत, म्हणून तुम्ही इतके दिवस टिकलात."

वस्तादांनी मोठ्या आशेनं त्या दोघी बायकांकडे पाहिलं. एक पातेलं घासत होती, तिनं मान वर केली नाही. दुसरी म्हणाली, "जरा सरका," कारण ते नेमके मोरीच्या तोंडाशी उभे होते.